कल्चर सेक्रेटरींना खुलं पत्र: टीव्ही लायसन्सचे पैसे मी भरीन, पण त्यातली फौजदारी काढा

मा. सेक्रेटरी ऑफ स्टेट मॅडम,
डिपार्टमेंट फॉर कल्चर, मीडिया अँड स्पोर्ट, लंडन

सप्रेम नमस्कार.

मी रीडिंगला राहते, केअरर आहे. म्हणजे ज्या म्हाताऱ्या माणसांना घरात एकट्याने सगळं जमत नाही त्यांच्याकडे सकाळ-संध्याकाळ जाऊन त्यांना उठवणं, आंघोळ, चहा-नाश्ता, औषधं बघते. इकडे येऊन सतरा वर्षं झाली, माहेर सांगलीचं. इंग्लिश येतं पण मनातलं नीट मराठीतच उतरतं म्हणून मराठीत लिहितेय, आणि शिवाय हे इथल्या आपल्या लोकांनीही वाचावं असं वाटतं, कारण एप्रिलमध्ये फी वाढली की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर वर्षी तोच प्रश्न येतो, "टीव्ही लायसन्स भरायलाच लागतं का हो? आपण कुठे बीबीसी बघतो?" (टीव्ही लायसन्स म्हणजे टीव्ही बघायला घरटी दर वर्षी भरायची फी, जिच्यावर बीबीसी चालते.)

तर आधी त्याचं उत्तर देऊन टाकते. कुठलाही चॅनल लाइव्ह बघत असाल, मग तो बीबीसी असो, स्काय असो नाहीतर बॉक्सवर लागणारा आपला मराठी चॅनल, लायसन्स लागतंच. आणि २०१६ च्या सप्टेंबरपासून आयप्लेयरवर, म्हणजे बीबीसीच्या ॲपवर, मागचे कार्यक्रम बघायलाही लागतं. नेटफ्लिक्सवर पिक्चर बघितला, यूट्यूबवर जुन्या क्लिप बघितल्या तर नाही लागत. रेडिओला तर १९७१ पासूनच नाही. म्हणजे सासूबाई भारतातून आल्या आणि संध्याकाळी सात वाजताची मालिका चॅनलवर लागते त्याच वेळी बघायला बसल्या तरी त्या घराला लायसन्स हवं. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि माझ्या मते नियमच असा आहे की साध्या माणसाच्या डोक्यात तो नीट बसत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये फी वर्षाला १७४.५० पौंड झाली. दिवसाचे काढले तर ४८ पेन्स. माझ्या पगारात एवढी रक्कम दिसते, दिसत नाही असं मी म्हणणार नाही. तरीही मी ती भरते आणि भरावी असंच माझं मत आहे, ते का ते सांगते.

मी ज्यांच्याकडे जाते त्यातल्या एक आजी आहेत, वय ८८. दाराबाहेर की-सेफ आहे, नंबर दाबायचा, किल्ली काढायची, आणि दार उघडलं की आधी टीव्हीचा आवाज येतो, मग आजींचा. टीव्ही बंद असला तर माझ्या पोटात गोळाच येतो. त्यांच्या रिमोटवर मुलाने चिकटपट्टी लावून ठेवलीये, फक्त चालू-बंदचं बटण, आवाज आणि १ नंबर एवढंच उघडं, कारण बाकी कुठलं बटण दाबलं की आजी कुठल्यातरी मेनूत अडकतात आणि मग संध्याकाळी मी येईपर्यंत निळ्या स्क्रीनसमोर बसून राहतात. १ नंबर म्हणजे बीबीसी वन. साडेसहाच्या लोकल बातम्या लागल्या की त्यांना कळतं आता मी येणार. कुठला रस्ता बंद आहे, कुठल्या हॉस्पिटलचं काय झालं, उद्या पाऊस आहे का, हे त्या मला सांगतात, मी त्यांना नाही.

तुमच्याकडे चर्चा चाललीये की बीबीसीचा चार्टर, म्हणजे ती कशी चालवायची ते ठरवणारी सनद, ३१ डिसेंबर २०२७ ला संपतोय तेव्हा पुढे सबस्क्रिप्शन करायचं का, जाहिराती घ्यायच्या का. मॅडम, पासवर्ड मागणारी बीबीसी आजींसाठी बंद झालेलीच बीबीसी. आणि ते तांत्रिकदृष्ट्याही सोपं नाहीये, छपरावरच्या ॲन्टेनावर चालणारा फ्रीव्ह्यू असा बांधलेला आहे की पैसे न भरणाऱ्याचा चॅनल तेवढा बंद करायची सोय त्यात नाही, कार्डच नाही. सबस्क्रिप्शन करायचं म्हणजे सगळ्यांना इंटरनेटवर ढकलायचं, आणि ज्या घरात आजींसारखं माणूस आहे तिथे ब्रॉडबँड कोण घेणार, राउटरचा लाल दिवा लागला तर कोण बघणार? जाहिरातींचं म्हणाल तर आयटीव्ही आणि चॅनल फोर त्याच जाहिरातींवर जगतायत, तिसरा वाटेकरी आणून बसवला तर तिघंही उपाशी राहतील.

दुसरी गोष्ट माझ्या घरातली. २०२१ च्या जानेवारीत शाळा परत बंद झाल्या तेव्हा आमच्याकडे लॅपटॉप एकच, तो नवऱ्याच्या कामाला, मी तर घराबाहेरच, केअररला कसला आलाय लॉकडाऊन. धाकटा दहा वर्षांचा. बीबीसीने ११ जानेवारीपासून सीबीबीसी या मुलांच्या चॅनलवर सकाळी नऊपासून तीन तास प्रायमरीचे धडे आणि बीबीसी टूवर मोठ्या मुलांसाठी दोन तास सुरू केले. लॉगिन नाही, डेटा नाही, टीव्ही लावला की शाळा सुरू. तो वही घेऊन गालिच्यावर बसायचा आणि मी दुपारी घरी आले की फ्रॅक्शनची गणितं दाखवायचा. ज्यांच्याकडे लॅपटॉप सोडा, फोनमध्ये डेटाही नव्हता त्या घरांचं काय झालं असतं विचार करा. त्या एका हिवाळ्यात माझे किती वर्षांचे पैसे वसूल झाले ते मी मोजत नाही.

एवढं सगळं मान्य करूनही वसुलीची पद्धत मला अजिबात पटत नाही.

लायसन्स नसताना टीव्ही बघणं हा या देशात फौजदारी गुन्हा आहे, हजार पौंडापर्यंत दंड. गॅसचं बिल थकलं, विजेचं थकलं तर ते देणं म्हणून वसूल करतात, दिवाणी प्रकरण. टीव्हीचं थकलं की माणूस आरोपी. केस सिंगल जस्टिस प्रोसीजरमध्ये जाते, म्हणजे एक मॅजिस्ट्रेट, बंद खोली, समोर फक्त कागद. आणि या केसेसमध्ये दर दहा जणांत साधारण सात बायका आहेत, वर्षानुवर्षं. का ते कळायला मोठी कमिटी नको, मी रोज दारं उघडते-लावते, लायसन्स तपासायला माणूस दारावर येतो तेव्हा दिवसा घरी कोण असतं ते मला माहितीये. लहान मूल कडेवर घेऊन दार उघडणारी बाई असते. नवरा कामावर, किंवा नवरा नाहीच. दार उघडलं ती सापडली, तिचं नाव कागदावर. टीव्ही बघतं सगळं घर पण गुन्हा तिच्या नावावर. यात मला न्याय कुठे दिसत नाही आणि हा प्रकार तुमच्या सरकारने आधी थांबवावा, २०२७ ची वाट बघायचं काही कारण नाही.

आता तुम्ही म्हणाल मग कराच्या पैशातून सरळ द्या, लायसन्सच रद्द करा, फ्रान्सने २०२२ मध्ये केलं तसं. इथे मात्र मला तुम्हाला हात जोडून थांबवायचंय, कारण मी ज्या देशातून आले तिथे नेमकं हेच करून झालंय.

आमच्याकडेही लायसन्स होतं. रेडिओचे वर्षाला पंधरा रुपये, टीव्हीचे पन्नास. आमच्या घरी टीव्ही नव्हता, रेडिओ होता, आणि त्याचं एक छोटं पुस्तक होतं, पासबुकासारखं. वर्ष संपत आलं की बाबा ते घेऊन पोस्टात जायचे, मी बरोबर, मला त्या खिडकीपर्यंत हात पुरायचा नाही. पोस्टातला माणूस त्यात तिकीट चिकटवायचा आणि ठप्पा मारायचा, धप्प असा आवाज यायचा, आणि बाबा फुंकर घालून शाई वाळवायचे मगच पुस्तक मिटायचे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ते लायसन्स बंद झालं. लोकांना बरं वाटलं, आम्हालाही वाटलं, पंधरा रुपये वाचले.

पण मग आकाशवाणी-दूरदर्शनचे पैसे कोण देणार? सरकार आणि जाहिराती. आधीही ती सरकारचीच खाती होती हे खरं, आणीबाणीत बातम्या कशा असायच्या ते आमच्या घरातले मोठे लोक सांगायचे. १९६६ ला चंदा समितीने स्वायत्तता द्या म्हणून सांगितलं, १९७८ ला वर्गीज समितीने सांगितलं, १९९० ला प्रसार भारतीचा कायदा झाला आणि तो अंमलात यायला १९९७ उजाडलं. कागदावर स्वायत्त, पण पगार आजही केंद्र सरकारच्या अनुदानातून. आमच्यात म्हणतात ना, नाक दाबलं की तोंड उघडतं. ज्याच्याकडे पगाराची चावी त्याच्याविरुद्ध बातमी द्यायला संपादकाने रोज किती धैर्य गोळा करायचं? मी दूरदर्शनवर वाढले, मुंबई केंद्राचे कार्यक्रम सुट्टीत काकांकडे पुण्याला जाऊन बघितलेत, त्या लोकांनी किती चांगलं काम केलंय हे मला कुणी सांगायला नको. माणसं कमी पडली नाहीत, त्यांच्या आणि प्रेक्षकांच्या मधला तो पंधरा रुपयांचा धागा तुटला. तो धागा असता तरी सगळं सुधारलंच असतं असं मी म्हणत नाही, पण तो तोडून काही मिळालं नाही हे नक्की.

आणि इथेही नाक दाबायची सोय आहेच बरं का. फी किती ते बीबीसी ठरवत नाही, सरकार ठरवतं. २०१० पासून २०१७ पर्यंत १४५.५० वर गोठवली, पुढे २०२२ ला परत दोन वर्षं १५९ वर गोठवली. २०१५ ला पंचाहत्तरीपुढच्या लोकांचं फुकट लायसन्स, जे सरकारचं वचन होतं, त्याचा खर्च बीबीसीच्या गळ्यात घातला आणि २०२० च्या ऑगस्टपासून ते बहुतेकांचं बंद झालं. शिव्या बीबीसीला बसल्या. वर्ल्ड सर्व्हिसचं, म्हणजे बीबीसीच्या बाहेरच्या देशांसाठीच्या सेवेचंही तेच, २०१४ पर्यंत तिचा खर्च परराष्ट्र खातं करायचं, आता जास्त वाटा लायसन्स फीचा. बीबीसी मराठी २ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झालं, आज ते भारतातलीच एक स्वतंत्र कंपनी चालवते, मी रोज बसमध्ये वाचते, सांगलीतला माझा भाऊही वाचतो. त्याला त्यासाठी एक रुपया द्यावा लागत नाही आणि मला त्याचा आनंदच आहे. पण रीडिंगच्या आजींच्या ४८ पेन्समधून सांगलीची बातमी का निघावी? जगात या देशाचं नाव राहतं ते त्यातून, तर तो खर्च परराष्ट्र खात्याने पूर्ण उचलावा, आणि तोही दहा-दहा वर्षांचा आकडा आधी बांधून, म्हणजे दर बजेटला कात्री घेऊन कुणी बसणार नाही.

मग फीचं काय करायचं? जर्मनीने २०१३ पासून घरटी वर्गणी केली, टीव्ही आहे का नाही विचारायचंच नाही, महिना १८.३६ युरो. कोणी दारावर येऊन खोलीत डोकावायचा प्रश्नच उरला नाही. रकमेची शिफारस केईएफ नावाचा स्वतंत्र आयोग करतो, आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये एका राज्याने वाढ अडवली तेव्हा २०२१ मध्ये त्यांच्या घटना न्यायालयाने ती लागू करायला लावली. मला त्यातलं हेच सगळ्यात आवडलं, की रक्कम नुसत्या राजकारण्यांच्या मर्जीवर नाही. फक्त सगळ्यांना सारखी रक्कम हे मला तिथलंही पटत नाही. तुमच्याकडे काउन्सिल टॅक्सचे, म्हणजे इथल्या घरपट्टीचे, घराच्या किमतीप्रमाणे ए ते एच बँड आहेतच, त्याप्रमाणे कमीजास्त करा, लहान फ्लॅटवाल्याला कमी, मोठ्या बंगल्यावाल्याला जास्त, आणि ज्यांना काउन्सिल टॅक्समध्ये सूट आहे त्यांना इथेही आपोआप सूट, परत वेगळा फॉर्म नको. थकलं तर ते फक्त देणं समजा, गुन्हा नाही.

यात माझा भाचा चिडणार आहे. तो इथेच नोकरीला आहे, टीव्हीच नाही त्याच्याकडे, सगळं यूट्यूबवर, आणि त्याला पहिल्यांदाच पैसे पडतील. त्याच्याशी माझा वाद झालाय आणि त्याचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणू शकत नाही, जे बघत नाही त्याचे पैसे का द्यायचे. पण २०२४-२५ मध्ये लायसन्स होती सुमारे २ कोटी ३८ लाख, आदल्या वर्षीपेक्षा साधारण तीन लाख कमी. तो आणि त्याच्यासारखे असे एकेक बाजूला होत गेले की सगळं ओझं उरलेल्यांवर, आणि उरलेले म्हणजे कोण, तर रिमोटला चिकटपट्टी लावलेली माणसं. त्याला एवढं सांगितल्यावर तो गप्प बसला, पटलं असं नाही म्हणाला.

शेवटचं, आजींबद्दलच. त्यांचं पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांना मिळणारी सरकारी मदत, अगदी थोडक्यात हुकलंय, नवऱ्याची छोटीशी कंपनी पेन्शन येते म्हणून. रेषेच्या आत असत्या तर लायसन्स फुकट, रेषेच्या बाहेर पाऊल पडलं की पूर्ण फी. दृष्टी गेलेल्या माणसाला निम्मी फी आहे, मग या रेषेच्या थोडं वर असलेल्यांना निम्मी का नाही? याला नवा चार्टर लागत नाही, नियमात बदल केला की झालं. पुढच्या एप्रिलपर्यंत एवढं तरी करा.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
रीडिंगची एक लायसन्सधारक