माझी छायाचित्रे व मजकूर विनापरवानगी, नाव काढून आणि सल्ला बदलून जाहिरातीत वापरल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

महोदय,

तासगाव तालुक्यातील माझ्या द्राक्षबागेसाठी मी अनेक वर्षांपासून आपल्या कंपनीची बुरशीनाशके गावातील कृषी सेवा केंद्रातून खरेदी करीत आलो आहे. औषधांच्या दर्जाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या कंपनीच्या फेसबुक पानावर आणि विक्री प्रतिनिधींमार्फत बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या फिरत असलेल्या जाहिरातीबद्दल. तिच्यातील डावणी या द्राक्षवेलीवरील बुरशीजन्य रोगाची सर्व छायाचित्रे मी माझ्या बागेत काढलेली आहेत आणि बहुतेक मजकूरही माझाच आहे. कंपनीने माझी परवानगी घेतली नाही, छायाचित्रांच्या कोपऱ्यातील माझे नाव कापून तेथे स्वतःचे बोधचिन्ह बसवले आणि मी कधीही न दिलेला सल्ला माझ्या वाक्यांना जोडला.

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की आमच्या भागात डावणी किती वेगाने पसरते, हे आपणास ठाऊक आहे. पानाच्या वरच्या बाजूचा तेलकट पिवळसर डाग आणि त्याच जागी खालच्या बाजूस आलेली पांढरी बुरशी, या दोन्ही गोष्टी नव्या बागायतदाराला नीट ओळखता याव्यात म्हणून मी भल्या सकाळी, पानांवर दव असतानाच, ती छायाचित्रे काढली आणि सोबत एक टिपण लिहून समाजमाध्यमावरील माझ्या पानावर प्रसिद्ध केले. बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेतून फुटणारे कोंब, वेळेवर काढून वेलीत हवा खेळती ठेवावी, आणि एकाच गटातील (बुरशीवर एकाच पद्धतीने काम करणारे) आंतरप्रवाही, म्हणजे वेलीच्या आत शोषले जाणारे, बुरशीनाशक पुन्हा पुन्हा फवारू नये, कारण त्यामुळे बुरशीत प्रतिकारशक्ती तयार होऊन पुढे ते औषध लागू पडेनासे होते, असे त्या टिपणात मी स्पष्टपणे लिहिले होते. आपल्या जाहिरातीत रोगाच्या लक्षणांचे माझे वर्णन जसेच्या तसे आहे. परंतु बगलफुटीचा भाग गाळला आहे, गट बदलण्याची सूचना काढून टाकली आहे आणि त्या जागी आपले एकच उत्पादन दर आठ दिवसांनी फवारावे असे छापले आहे. ही फवारणी काढणीपूर्वी किती दिवस आधी थांबवावी याचा उल्लेखही त्यात नाही. निर्यातीच्या द्राक्षांतील औषधांचे अवशेष प्रयोगशाळेत तपासले जातात हे माहीत असलेल्या कंपनीने असे लिहावे, याचे मला अतिशय दुःख झाले.

ज्यांनी मूळ टिपण वाचले होते, त्यांनी मला दूरध्वनी करून कंपनीकडून किती पैसे घेतले असे विचारले. शेतीच्या सल्ल्याखाली लिहिणाऱ्याचे नाव असावे लागते ते मोठेपणासाठी नव्हे. नाव असले की वाचणारा शंका विचारू शकतो, बाग पाहायला येऊ शकतो आणि सल्ला चुकला तर जाबही विचारू शकतो. आपण माझे नाव काढलेत तेव्हा वाचणाऱ्याची ही सोयही काढून घेतलीत.

याबाबत मी आपल्या ग्राहक सेवेशी संपर्क साधला असता, छायाचित्रे इंटरनेटवर सर्वांसाठी उपलब्ध होती, जाहिरातीखाली ‘सोशल मीडियावरून साभार’ असे लिहिले आहे आणि यात तुमची प्रसिद्धीच होते, अशी उत्तरे मिळाली. ही उत्तरे मला मान्य नाहीत. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार छायाचित्र ही कलाकृती आहे, मग ते कलात्मक असो वा नसो. ते काढणारा त्याचा कर्ता असतो आणि कोणाच्या नोकरीत किंवा मोबदला घेऊन ते काढलेले नसेल तर कलम १७ प्रमाणे तोच पहिला मालक ठरतो. हा हक्क कृती निर्माण होताच मिळतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. सर्वांना पाहता येईल अशा ठिकाणी छायाचित्र ठेवले म्हणून ते कोणालाही व्यापारासाठी उचलता येत नाही. मी ज्या समाजमाध्यमाच्या अटी मान्य केल्या, त्या माध्यमाला वापराची परवानगी मिळाली. आपल्या कंपनीला नव्हे. साभार म्हटल्याने परवानगी घेतल्यासारखे होत नाही, आणि येथे तर ज्याचे आभार मानायचे त्याचे नावच नाही. प्रसिद्धीविषयी म्हणाल तर नाव कापलेल्या छायाचित्राने कोणाची प्रसिद्धी होते, हे मला समजू शकले नाही.

याहून गंभीर बाब कलम ५७ ची आहे. कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशा रीतीने कृतीत केलेल्या फेरफारास हरकत घेण्याचा हक्क हे कलम कर्त्याला देते, आणि कॉपीराइट दुसऱ्याला विकल्यानंतरही तो हक्क कर्त्याकडेच राहतो. माझ्या बाबतीत या दोन्ही हक्कांचा भंग झाला आहे.

माझा विरोध माहिती पसरण्याला नाही. एखाद्या शेजाऱ्याने माझे छायाचित्र मोबाईलमध्ये ठेवून बागेतील मजुरांना दाखवले, तर मला समाधानच वाटेल, आणि खासगी वापराला कलम ५२ मध्ये मुभाही आहे. आपण माझी मूळ नोंद तशीच पुढे पाठवली असती तर नाव आणि पूर्ण मजकूर दोन्ही तिच्यासोबत गेले असते. डावणीची लक्षणे कोणाच्याच मालकीची नाहीत; कंपनीकडे कृषी पदवीधर आहेत, त्यांनी बागेत जाऊन स्वतः छायाचित्रे काढावीत आणि स्वतःच्या शब्दांत लिहावे. माझी छायाचित्रे हवी होती तर एक संदेश पुरेसा होता. मी बहुधा होकार दिला असता, परंतु सल्ल्यात बदल करण्यास कधीही दिला नसता.

तरी हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत ही जाहिरात आपल्या सर्व पानांवरून काढून टाकावी, ती जेथे जेथे प्रसिद्ध केली त्या ठिकाणांची माहिती मला द्यावी आणि विक्रेत्यांना व प्रतिनिधींना ती पुढे न पाठविण्याची लेखी सूचना देऊन तिची प्रत मला पाठवावी. ज्या पानांवर आणि ज्या गटांवर जाहिरात गेली, तेथेच माझ्या नावासह असा खुलासा प्रसिद्ध व्हावा की दर आठ दिवसांनी एकच औषध फवारण्याचा सल्ला माझा नाही. हंगाम चालू असल्याने ही बाब मला सर्वांत निकडीची वाटते. छायाचित्रांच्या आतापर्यंतच्या वापराबद्दल व्यावसायिक छायाचित्रकाराला दिला जातो तो मोबदला मला मिळावा. मजकुराचा मोबदला मी मागत नाही, कारण बदललेल्या रूपात तो वापरण्यास माझी कोणत्याही किमतीवर संमती नाही.

मुदतीत दाद न मिळाल्यास, मी जेथे राहतो त्या सांगली जिल्ह्याच्या न्यायालयात कलम ६२ नुसार दावा दाखल करण्याचा हक्क मी राखून ठेवीत आहे. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे, आणि व्यापारी लाभासाठी केलेल्या वापराला त्यात सवलत नाही, याकडेही आपले लक्ष वेधतो.

मूळ छायाचित्रांच्या फाइल, माझ्या टिपणाची तारखेसह प्रत आणि आपल्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. उत्तर लेखी असावे. दूरध्वनीवरील आश्वासन मी उत्तर म्हणून स्वीकारणार नाही.

कळावे,

आपला ग्राहक,
एक द्राक्ष बागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली