सरांशी भांडू नकोस, आणि पोरांना गप्पही करू नकोस

चि. मनू,

पोचल्याचा मेसेज मिळाला. जालन्याहून पुढे मंठ्याची गाडी वेळेवर मिळाली का, खोलीवर पाणी होतं का, काहीच लिहिलं नाहीस, नुसतं "पोचले". गौरी गेल्या त्या रात्रीचं बोलणं तुझ्या मनात राहिलंय हे मला कळतं. तुझे बाबा म्हणतात आता पत्रबित्र लिहू नको, पोरगी नोकरी करते, तिचं ती बघेल. पण फोनवर मी बोलायला लागले की तू "हो आई, हो आई" करतेस आणि मला माहितीय तेव्हा मोबाईल लांब धरलेला असतो. म्हणून लिहितेय. वर्ग चालू असताना वाचू नको, रात्री वाच.

नोकरीचं काही काढायचं नाही असं मी ठरवलंय.

आधी हे सांगते की तुझं चुकलं असं मला वाटत नाही. त्या पोराने चित्र काढलं, चित्रातल्या बाईला याडी म्हणाला, म्हणजे त्यांच्या बोलीत आई, तू त्याचाच शब्द फळ्यावर लिहिलास आणि पहिलीच्या सगळ्या पोरांनी तो वाचला. तू सांगत होतीस तेव्हा मी पोळ्या लाटत होते, तवा तापून धूर निघाला तरी मला कळलं नाही. तांड्यावरची पोरं, घरी गोरमाटी, बंजाऱ्यांची बोली, बोलणारी, त्यांना पहिल्या दिवसापासून आपण परक्या भाषेत प्रश्न विचारतो आणि गप्प बसली की म्हणतो हुशार नाहीत. तू ते केलं नाहीस. पण सर म्हणाले शाळेत मराठीच, तर तू शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, अध्यक्षांसमोर आणि पालकांसमोर, त्यांना म्हणालीस की तुम्हाला पोरांचं ऐकायचंच नसतं. वाक्य खरंही असेल गं. पण शाळा द्विशिक्षकी आहे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही दोघंच तिथे, आणि तू अजून शिक्षण सेवक आहेस, 16,000 मानधनावर, तीन वर्षं पुरी व्हायचीत, आणि कायम करायच्या वेळी तुझ्या कामाबद्दल आधी कुणाला विचारणार?

आलंच बघ ते. असू दे.

तू म्हणालीस तुम्हा जुन्या लोकांना हे बदल नकोच असतात. ते मात्र मला लागलं, कारण हे मी जवळून बघितलंय. 2015 च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा जीआर निघाला तेव्हा तू शाळेत होतीस, तुला आठवत असेल मी आणि आमच्या केंद्रातल्या शाळांमधल्या बाया जीप करून साताऱ्याकडच्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला गेलो होतो. सगळ्या महाराष्ट्रातून शिक्षक यायचे तिथे. भराडे मॅडम तिथल्या विस्तार अधिकारी, त्यांच्या बीटमधल्या शाळांनी ज्ञानरचनावादाचं, म्हणजे पोराने स्वतः करून शिकायचं, काम सुरू केलेलं. पहिलीचा वर्ग होता, बाई खाली बसलेल्या, कोण मण्यांच्या माळेवर मोजतंय, कोण फरशीवर काढलेल्या चौकटीत शब्द लावतंय, कोणी कुणाला गप्प बस म्हणत नव्हतं तरी गोंगाट नव्हता. एका मुलीला मी विचारलं काय करतेस तर म्हणाली थांबा बाई, माझं व्हायचंय. मी येताना जीपमध्ये कुणाशी बोलले नाही. मला तेव्हा वाटलं हे आपल्याला आधीच्या वर्षांत का नाही मिळालं.

आणि मग काय झालं तेही मी बघितलं. आपल्याकडच्या शाळाशाळांतून ऑइलपेंट आला, फरशा रंगल्या, भिंती रंगल्या, लोकवर्गणी झाली, फोटो गेले. चिंचोके, गारगोट्या, शब्दपट्ट्या सगळं आलं. पण पोराला विचारायचा प्रश्न तोच राहिला, ज्याचं उत्तर बाईंना आधीच माहीत असतं तो. त्याआधी 2010 ला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं त्याचंही तसंच, चांगली कल्पना होती, पोराची परीक्षा एका दिवसात न घेता वर्षभर त्याच्याकडे बघायचं, तर बाजारात तयार वर्णनात्मक नोंदींची पुस्तकंच मिळायला लागली, सगळ्या पोरांच्या पुढे "गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो". बदल्या झाल्या, फरशीवरचा रंग उडाला, नवीन बाईंना आधीच्या बाईंनी काय चालवलं होतं ते माहीतच नाही. मनू, मला तुझ्या पद्धतीची भीती नाही, ती एकट्या माणसाच्या अंगावर राहिली की त्या माणसाबरोबर जाते याची भीती आहे. उद्या तुझी बदली झाली किंवा काही झालं तर त्या पोरांचं काय? सर तिथे राहणार आहेत. म्हणून सर तुझ्या बाजूला पाहिजेत. हे मी नोकरीसाठी म्हणत नाही. थोडं त्यासाठीही म्हणते.

आपल्या साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्या, त्या झोपड्या, पडायच्या ते तुला आठवतं ना, दसरा झाला की. तुझ्या त्या भागातूनच यायचे सगळे, मंठा, परतूर, तिकडे बीडकडचे. एक पोरगा माझ्या वर्गात बसवला होता, वयाने तिसरीचा, वजाबाकी मांडली की नुसता पाटीकडे बघत राहायचा. मग एका संध्याकाळी तो मला स्टँडजवळ दिसला, वाढ्याच्या, उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकत होता. गिऱ्हाईकाने नोट दिली, याने पेंढ्यांचे पैसे धरून उरलेले परत दिले, पापणी लवायच्या आत, आणि वर त्या माणसाला सांगितलं की काल तुमचे दोन रुपये राहिलेत. दुसऱ्या दिवशी मी वर्गात पेंढ्याच मांडल्या. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल किती, फिटली किती, राहिली किती, ते सगळं त्याच्या डोक्यात होतं कारण घरात रोज रात्री तेच बोलणं. वजाबाकी त्याला येत होती, आमची मांडणी येत नव्हती. पाडव्याला पट्टा पडला, म्हणजे ऊसतोड संपली, तळ उठला, पोरगा गेला. तू आता त्याच्या गावाकडच्या पोरांना शिकवतेस. तुला ही नेमणूक मिळाली तेव्हा बाबा एवढं लांब एवढं लांब करत होते आणि मी मात्र देवापाशी साखर ठेवली, ती कशासाठी ते कुणाला सांगितलं नाही.

पण एक ऐक. ते पालक तुझ्या वर्गाला टाईमपास म्हणाले म्हणून तू चिडलीस. त्यांच्या जागेवरून बघ. त्यांच्या हातात कोयता आहे, पोराच्या हातात तो येऊ नये म्हणून शाळा. वहीची पानं भरलेली दिसली की त्यांना वाटतं पोरगं शिकतंय, दुसरं काय बघणार ते? इंग्रजी शाळेची पिवळी गाडी रस्त्यापर्यंत येते तिथे वह्याच वह्या असतात. आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षाही परत आलीय, त्यांना ती पुढे दिसते. त्यांची घाई खोटी नाही. म्हणून समितीत भाषण करण्यापेक्षा त्यांच्या डोळ्यांसमोर पोराला वाचू दे. मूळाक्षरं क ख ग क्रमाने संपेपर्यंत थांबू नको, चार अक्षरं आणि काना आला की शब्द होतात, शब्द आले की पोराने सांगितलेलं वाक्य होतं, ते त्याच्या चित्राखाली तू लिही आणि त्यालाच वाचायला लाव. आधी त्याच्या बोलीत, मग शेजारी मराठीत. दसरा आला महिन्यावर. गाड्या भरायच्या आत प्रत्येक पोराने आईबापाला एक पान वाचून दाखवलं पाहिजे. जी पोरं आजीपाशी राहतील त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचं आत्ताच विचार, जी जातील त्यांची शिक्षण हमी कार्डं, तिकडच्या शाळेत दाखवायची, स्वतः भर आणि मागे दोन ओळी लिही की याला काय येतं. काय येत नाही ते पुढचे बघतीलच.

आणि गटात बसवलंस की एक पोर बोलतं, एक लिहितं आणि एक नुसतं गटात असतं. त्याच्याकडे बघ. गट करून पोरांना मोकळं सोडलं म्हणजे झालं असं पुष्कळांना वाटतं, तिथेच ते तिसरं पोर हरवतं. तू तशीच होतीस. पहिलीत कितीतरी महिने वर्गात तोंड उघडलं नाहीस, शिल्पीच्या कानात सांगायचीस आणि शिल्पी तुझी उत्तरं द्यायची, मला शाळेत आई म्हणता येत नाही म्हणून की काय कोण जाणे. शेवटी मी तुला खिचडीचा आकडा सांगायचं काम दिलं. आज किती पोरं ते मोजायचं आणि स्वयंपाकाच्या मावशींना जाऊन सांगायचं. तिथे पहिल्यांदा तुझा आवाज निघाला, आणि मावशींनी चुकून कमी तांदूळ टाकला तर तू त्यांच्याशी भांडलीस! तीच तू समितीसमोर उभी राहून बोललीस. मला त्या रात्री झोप आली नाही, अर्धी रात्र काळजीने आणि अर्धी दुसऱ्याच कशाने.

खूप झालं, भाषण झालं माझं, माफ कर. तुला शिकवायला मी कोण, तू डीएड माझ्यापेक्षा चांगल्या मार्कांनी केलंस.

फक्त, सर परत म्हणाले की हे नियमात बसत नाही, तर शिक्षण हक्क कायद्याचं 29 वं कलम वाचून ठेव. कृतीतून, शोधातून, बालकेंद्री पद्धतीने शिकवा आणि शक्य तिथे मुलाच्या मातृभाषेत, हे कायद्यातच लिहिलंय. पण ते सरांच्या तोंडावर मारू नकोस. तुझ्याजवळ असू दे. सरांकडून शीक पण, त्यांना तांड्यातलं प्रत्येक घर माहीत आहे, नाईक कोण, कारभारी कोण, कुणाची पोरगी कुठल्या गाडीबरोबर जाते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 ला बोर्डीत काम करायला लागल्या तेव्हा पोरं शाळेत येईनात म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, पुढे गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा. त्या दोघी होत्या, बरोबर होत्या. तुलाही कोणीतरी बरोबर पाहिजे ना गं तिथे. तू एकटी जेवतेस हे तू सांगितलं नाहीस, दादाने सांगितलं. आधी सरांकडून दूध येत होतं, आता तूच तांड्यावरून आणतेस, तेही त्यानेच सांगितलं. म्हणजे बोलणं बंद आहे. नोकरीचं काढणार नव्हते, पण बोलणं बंद ठेवून तीन वर्षं कशी काढणार आहेस?

सोमवारी परिपाठ झाला की त्यांना तुझ्या वर्गात बोलव. काही समजावून सांगू नको. त्या पोराला म्हण, सरांना वाचून दाखव. त्यांना गोरमाटी किती येते ते तुला कळेल, मला वाटतं तुझ्यापेक्षा जास्तच येत असेल.

पोरांच्या तोंडचे रोजचे शब्द, पन्नास झाले तरी चालतील, देवनागरीत लिहून व्हॉट्सॲपवर टाक. बाबा चित्रं काढतो म्हणालेत, कार्डशीट आणून ठेवलंय, पत्र लिहू नको म्हणणारे तेच. मण्यांच्या माळा मी ओवायला घेतल्यात, दहा लाल दहा पांढरे असे शंभरच्या. दादा दसऱ्याआधी तिकडे येणार आहे, त्याच्याबरोबर सगळं देते. लाडू डब्यात आहेत, चार सरांच्या घरी दे.

तुझी आई