बेणं कुणाचं?

सांगली, फाल्गुन वद्य पंचमी

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी गप्प झालो, ते रागाने नव्हे. तिकडून तू ‘जीवशास्त्राचा इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकायचंय’ म्हणालीस आणि इकडे मार्केट यार्डात राजापुरी हळदीची बोली चढत होती. दिवाणजीने बोली सोडून मुलीशी तत्त्वज्ञान बोलायचं म्हणजे शेठ घरी पाठवायचे. म्हणून आता लिहितो.

तुझी आई घाबरली आहे. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेली पोरगी प्रयोगशाळा सोडून जुने कागद वाचणार, हे तिला विहिरीवर जाऊन पाणी न भरता परत येण्यासारखं वाटतं. दुकानातले लोक विचारतात, ‘याचा उपयोग काय?’ पहिल्या दिवशी मी त्यांना हळदीच्या पेटंटचा दाखला दिला. जखमेवर हळद लावायचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाला मिळालं. माशेलकर प्रमुख होते त्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि छापलेले निबंध पुढे ठेवले आणि १९९७ साली ते रद्द झालं. लोक खूश झाले. मी मात्र रात्री खट्टू झालो. हा दाखला तू कुठे देऊ नकोस. उपयोगाच्या काट्यावर विषय एकदा ठेवलास की लोक दर वर्षी वजन करायला येतील.

मला तुझा विषय कळला तो दुसऱ्याच ठिकाणी. दिवाळीत तू सांगितलं होतंस की हळदीच्या पेशीत त्रेसष्ट गुणसूत्रं, म्हणजे एकवीसचे तीन संच. जोड्या जुळत नाहीत, म्हणून फुलं येऊनही बी धरत नाही. फुलं मी जन्मभर पाहिली, पण बी का नाही हे कधी मनात आलं नव्हतं. विलिंग्डन कॉलेजात दोन वर्षं बी.एस्सी. केली तेव्हाही नाही. पुढे तू म्हणालीस, डॅनियल जॅन्झन नावाच्या शास्त्रज्ञाने १९७७ साली असा मुद्दा मांडला की रानभर पसरलेली डँडेलियन या रानफुलाची रोपं एकाच मूळ रोपातून बिनसंकर वाढलेली असतील, तर उत्क्रांतीच्या हिशोबाने ती सगळी मिळून एकच जीव धरावा. म्हणजे ‘एक’ कशाला म्हणायचं, हेच ठरलेलं नाही.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. तुझ्या आजोबांनी हरिपुरात लावलेल्या गड्ड्यांचे तुकडे आपण वर्षानुवर्षं लावत आलो. आजोबा गेले, पण ते झाड गेलं का? २०१९ च्या पुरात आपलं उभं पीक कुजलं, बेणंसुद्धा राहिलं नाही. मग कडेगावच्या आत्याकडून आणलं. ते तिला आपणच दिलेलं, तिच्या लग्नानंतर दोन वर्षांनी. आता आपल्या रानात आहे ते आपलं जुनं झाड, की आत्याचं, की दोन्हीकडचं मिळून एकच? हसू नकोस, मी दोन रात्री जागलो आहे.

मेंडेलचंही तसंच. शाळेत शिकलो की त्याचा १८६६ चा निबंध जगाला कळला नाही आणि १९०० साली तिघांनी तो वर काढला. तू म्हणालीस, काही इतिहासकार म्हणतात की त्याचं कोडं संकरांचं होतं आणि आनुवंशिकतेचे नियम आपण नंतर त्याच्या तोंडी घातले. हे ऐकून मला हरिपूरचं पेव आठवलं, हळद साठवायचा जमिनीखालचा खड्डा. पेवाचं तोंड उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. आधी हवा खेळू देतात, मग माणूस उतरतो. आमच्या वेळी आधी कंदील सोडून बघायचे. घाईने उतरलेल्यांच्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्या आहेत. जुन्या कागदातही असंच घाईने उतरायचं नसतं.

आता पैशाचं. आपल्याकडे या विषयाचे वेगळे विभाग जवळपास नाहीत, हे तूच म्हणालीस. जाहिरात निघते ती तत्त्वज्ञानाची किंवा वनस्पतिशास्त्राची, आणि ‘संबंधित विषय’ या दोन शब्दांवर कारकून अर्ज बाजूला काढतो. मी कारकूनच आहे, ती वृत्ती ओळखतो. म्हणून लाइफ सायन्सेसची नेट परीक्षा आधी देऊन टाक, मग हवं ते वाच. परदेशी केंब्रिजला, पिट्सबर्गला या विषयाचे विभाग आहेत असं म्हणालीस. शिष्यवृत्ती मिळाली तरच जा. रान गहाण टाकायचं नाही, यावर आईचं आणि माझं एकमत आहे. क्वचितच होतं. आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञांचे कागद जपून ठेवलेत, तिथे महिनाभर बसून बघ. कागदात रमतेस का, हे कागदापाशीच कळेल. हळकुंड मोडल्याशिवाय आतला रंग कळत नाही.

हो म्हणायला मला इतके दिवस लागले, त्याबद्दल रागावू नकोस.

आईने डबा भरला आहे. हळद घरची, या सालची. अक्षय्य तृतीयेला लावण आहे, तोवर आलीस तर बरं. आत्याला फोनवर तुझा प्रश्न सांगितला, एक झाड की दोन. ती म्हणाली, ‘ते मला ठाऊक नाही, पण बेणं माझं आहे आणि पाच पोती अजून परत यायची आहेत.’

तुझा,
अप्पा