'देवराई' दाखवणाऱ्या सरांना

सर, सप्रेम नमस्कार.

नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. सांगलीत पडदा आणि प्रोजेक्टर घेऊन चित्रपट दाखवत फिरणारे सर म्हटलं की कळायचं त्याला कळेल.

तुम्ही 'देवराई' लावलात तेव्हा दादाला न्यावं की नाही यावरून आमच्या घरात वादावादी झाली. ज्याला स्किझोफ्रेनिया आहे त्यालाच त्याच्यावरचा सिनेमा दाखवायचा? तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "आणा की. मागं बसा, नको वाटलं तर उठून जा."

चित्रपट संपला, लोक उठायला लागले, आणि तुम्ही खुर्ची ओढून दादासमोर बसलात. माझ्याकडे न बघता त्याला विचारलंत, "तुम्हाला कसा वाटला?" आणि गप्प राहिलात.

दादाला उत्तर द्यायला वेळ लागतो. तो वेळ त्याला कुणी देत नाही. पाहुण्यांनी सांगितलं लग्न लावून द्या, कुणी अंगारे आणून दिले. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव हाकेवर, पण तिथल्या एका डॉक्टरांनीही दादा पुढ्यात असताना "हा जेवतो का, झोपतो का" हे मलाच विचारलं. तुम्ही त्याला 'तुम्ही' म्हणालात आणि थांबलात. मग दादा बोलला, "त्याची बहीण लई दमलीय."

सर, सगळे अतुल कुलकर्णींच्या आजारी शेषकडे बघत होते. माझा भाऊ शेषच्या बहिणीकडे, सोनाली कुलकर्णींच्या सीनाकडे बघत होता. इतकी वर्षं त्याला सगळं दिसत होतं.

त्या दिवशी तुम्ही 'देवराई'च्या दिग्दर्शिका सुमित्रा भाव्यांबद्दल थोडं बोललात, पुढचं मी मिळेल तिथून वाचलं. चित्रपटाचं रीतसर शिक्षण नाही. समाजकार्य आणि संशोधन करता करता त्या कॅमेऱ्याकडे वळल्या आणि १९८५ मध्ये चाळिशी उलटल्यावर 'बाई' हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग सुनील सुकथनकरांच्या साथीनं 'दोघी', 'वास्तुपुरुष', 'दहावी फ', २००४ मध्ये 'देवराई', पुढे 'नितळ', 'अस्तु'. 'कासव'ला सुवर्णकमळ मिळालं तेव्हा त्या सत्तरीपार होत्या. कोड, स्मृतिभ्रंश, नैराश्य. ज्या माणसांबद्दल घराघरांत दबक्या आवाजात बोलतात, त्यांना या बाईंनी गोष्टीच्या मधोमध बसवलं. गल्ला भरेल की नाही याची फिकीर करणाऱ्याला हे जमत नाही. आणि असे चित्रपट सांगलीच्या थिएटरात कितीसे लागतात? नाट्यपंढरी म्हणवतो आपण स्वतःला!

१९ एप्रिल २०२१ ला सुमित्राताई गेल्या. त्यांना लिहायचं राहिलं ते राहिलंच, तुमच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नव्हतं.

दादा आता गोळ्या वेळेवर घेतोच असं नाही. वाईट दिवस अजून येतात. पण हल्ली घरी कुणी आलं तर तो आतल्या खोलीत जात नाही, बसतो.

'अस्तु' लावणार असाल तर आधी कळवा. आईलाही आणायचंय. तिला लांबचं नीट दिसत नाही, तेवढी एक पुढची खुर्ची धरून ठेवा.

तुमची,
दादाची बहीण
विश्रामबाग, सांगली