मॅनिलात दुसरा बॅकएंड जोडताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्लाउडमधील साठवणुकीवर लिहिताना बहुधा जागा किती आणि वेग किती, एवढ्यावरच चर्चा थांबते. ओपनस्टॅक या मुक्तस्रोत क्लाउड-प्रणालीची सामायिक फाइलसेवा, म्हणजे मॅनिला, सांभाळणाऱ्यांपुढचा प्रश्न वेगळा असतो: एकाहून अधिक बॅकएंड, म्हणजे प्रत्यक्ष साठवण पुरवणाऱ्या प्रणाली, जोडल्यावर नवा शेअर, म्हणजे अनेक यंत्रांना मिळून वापरता येणारी फाइलींची जागा, नेमका कुठे जाऊन पडतो?

कॉन्फिगरेशन फाइलमध्ये प्रत्येक बॅकएंडचा स्वतंत्र विभाग लिहायचा, त्यात ड्रायव्हर (त्या साठवणुकीशी बोलणारा प्रोग्राम), बॅकएंडचे नाव आणि शेअर सर्व्हर (शेअर पुरवणारे सर्व्हर) ड्रायव्हरने स्वतः उभे करायचे की नाहीत हे नोंदवायचे, त्या विभागांची नावे मुख्य विभागातील बॅकएंडांच्या यादीत स्वल्पविराम देऊन घालायची आणि शेअर सेवा पुन्हा सुरू करायची, एवढे काम फारसे अवघड नाही. घोटाळा पुढे होतो.

आमच्याकडे वेगवान एसएसडीच्या जोडीला मी संथ पण मोठ्या डिस्कचा दुसरा बॅकएंड जोडला आणि शेअर टाइप, म्हणजे नव्या शेअरला कसा बॅकएंड हवा हे सांगणारी व्याख्या, जुनाच ठेवला. त्यात बॅकएंडचे नाव नव्हते, आणि शेअर सर्व्हरविषयीची अट दोघांनाही लागू पडत होती. नवा शेअर कुठे ठेवायचा हे ठरवणारा शेड्युलर अपात्र बॅकएंड गाळतो आणि उरलेल्यांत, वेगळे काही सांगितले नसेल तर, मोकळी जागा जास्त असलेल्याला झुकते माप देतो. त्यामुळे ज्या कामांना वेग हवा होता त्यांचेही नवे शेअर रिकाम्या, संथ डिस्कवर जाऊ लागले. लॉगमध्ये एकही त्रुटी नव्हती, कारण प्रणालीच्या दृष्टीने सारे बरोबरच चालले होते. कळले ते वापरणाऱ्यांच्या तक्रारींवरून. प्रत्येक बॅकएंडसाठी वेगळा टाइप करून त्याच्या एक्स्ट्रा स्पेक्समध्ये (टाइपच्या अटींमध्ये) बॅकएंडचे नाव आधीच घातले असते, तर हे टळले असते.

विभागाच्या नावाबाबतही सावध राहिले पाहिजे. बॅकएंडचे नाव दोन विभागांना मुद्दाम सारखे देता येते, म्हणजे शेअर दोन्हींत वाटले जातात. विभागाचे नाव मात्र डेटाबेसमध्ये प्रत्येक शेअरच्या होस्टच्या, म्हणजे तो कुठे आहे याच्या, नोंदीत, ॲट चिन्हानंतर, कायमचे बसते. नीटनेटकेपणाच्या हौसेने ते कोणी बदलले, तर जुना शेअर वाढवण्याचा किंवा काढण्याचा आदेश अस्तित्वात नसलेल्या सेवेकडे जातो आणि तिथेच अडकतो. मॅनिलाच्या व्यवस्थापन साधनात होस्टची नोंद बदलण्याची सोय आहे, पण चालू प्रणालीवर ती वापरण्याची वेळ येऊच नये.

यावर मार्गदर्शन लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की शेअर टाइपची माहिती पुढच्या प्रकरणावर न ढकलता बॅकएंडच्या विभागालगतच द्यावी, आणि नवा टाइप खुला करण्याआधी एक चाचणी शेअर तयार करून, प्रशासकाच्या खात्यातून त्याचा होस्ट तपासायला सांगावे.

आपला नम्र,
क्लाउड प्रणाली सांभाळणारा एक वाचक