सिनेमा अडतो तो शूटिंग संपल्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला जगभरच्या चित्रपट महोत्सवांवरचा लेख वाचला. कान, बर्लिन, व्हेनिस, सनडान्स सगळे आले, कुणी कोणता गाऊन घातला होता तेही आलं. वाचायला मजा आली, तक्रार नाही. पण मी राहतो त्या व्रोत्सवाफ शहरातल्या महोत्सवाचं नाव त्यात नव्हतं. आणि या महोत्सवात मला जे मोलाचं वाटतं, ते अशा लेखांत सहसा येतच नाही.

मी कोल्हापूरचा, नोकरीसाठी सहा वर्षं पोलंडमध्ये आहे. (महायुद्धाच्या काळात पाचेक हजार पोलिश निर्वासित आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला राहिले होते, त्यामुळे इथल्या एखाद्या आजोबांना 'कोल्हापूर' माहीत निघतं, पण तो वेगळ्या पत्राचा विषय.) इथे 2010 पासून 'अमेरिकन फिल्म फेस्टिव्हल' भरतो, हल्ली नोव्हेंबरात. नाव ऐकून मला पहिल्यांदा वाटलं, दूतावासाचा काहीतरी कार्यक्रम असणार, नाहीतर सुपरहीरोंची जत्रा. निघालं भलतंच. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंच्या वाटेला न जाता, दिग्दर्शकाने स्वतः जमवाजमव करून केलेले सिनेमे इथे दाखवतात. ज्या थिएटरात हा महोत्सव होतो त्याला 9 पडदे आहेत, पण तिथे पॉपकॉर्न मिळत नाही. ओला कोट खाली कोटघरात द्यायचा, नंबराचा बिल्ला खिशात टाकायचा आणि आत जाऊन बसायचं. पडद्यावर टेक्सासमधला कुणी मुलगा बापाशी भांडत असतो आणि खाली पोलिश सबटायटल. माझं पोलिश निम्मंअधिक या सबटायटलांनीच सुधारलं.

पण मला सांगायचंय ते पडद्यामागचं. 2011 पासून या महोत्सवाला जोडून 'यूएस इन प्रोग्रेस' नावाचा एक उपक्रम चालतो. शूटिंग झालंय, एडिटिंग होत आलंय, पण पुढे पैसे संपलेत, असे मोजके अमेरिकन सिनेमे इथे आणतात आणि युरोपातल्या वितरकांना, विक्री एजंटांना, महोत्सवांच्या निवडकर्त्यांना बंद दाराआड दाखवतात. यातली बक्षिसं मला फार आवडली. ढाल नाही, शाल नाही. बक्षीस म्हणजे उरलेलं काम. कुणी सिनेमाचं कलर करेक्शन करून देतं, कुणी साउंड.

अमेरिकेला पोलंडने मदत करायची, हे ऐकायला उलटं वाटेल. पण पोलंडमध्ये 2005 पासून सरकारी चित्रपट संस्था आहे, थिएटरं आणि टीव्ही वाहिन्यांच्या उत्पन्नातला दीड टक्का तिच्याकडे जातो आणि त्यातून सिनेमांना पैसा मिळतो. अमेरिकेत अशी केंद्रीय सोय नाही. काही राज्यं करात सवलत देतात, बाकी दिग्दर्शकाने मित्र, नातेवाईक, क्रेडिट कार्ड आणि इंटरनेटवरची वर्गणी यांवर भागवायचं. हॉलिवूडच्या देशातला माणूस सिनेमा पुरा करायला इथवर येतो तो यामुळे.

हे सगळं मला लागतं, कारण माझा एक शाळासोबती याच जागी अडकलाय. त्याने राधानगरीच्या बाजूला 24 दिवसांत एक मराठी सिनेमा शूट केला. दोन वर्षं झाली, हार्ड डिस्क कपाटात साड्यांच्या घडीखाली पडून आहे. साउंड मिक्सिंगला पैसे नाहीत. राज्य सरकारचं अनुदान आहे, अ दर्जाला 40 लाख, ब दर्जाला 30. पण ते सिनेमा पूर्ण होऊन सेन्सॉरचं प्रमाणपत्र हातात आल्यावर. पूर्ण व्हायलाच पैसे नसतील तर? तो म्हणतो, "लग्न लागलं, पंगती उठल्या, आता वाजंत्रीवाला दारात बसलाय."

अनुदानाला मी नावं ठेवत नाही, त्याने अनेक निर्माते तरले असतील. पण त्यातला थोडा भाग अर्धवट सिनेमा पाहून, रोख न देता स्टुडिओच्या तासांच्या रूपात दिला तर? कोल्हापुरात चित्रनगरी आहेच. बाबूराव पेंटरांच्या गावाला हे शिकवायला पोलंडहून पत्र यावं लागतंय, याची मलाच जरा लाज वाटते.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. गोव्यात इफ्फी महोत्सवाला जोडून सिनेमाच्या खरेदी-विक्रीसाठी फिल्म बाजार भरतो, तेही नोव्हेंबरातच. तिथे अपुऱ्या सिनेमांसाठी 'वर्क इन प्रोग्रेस लॅब' असते. इफ्फीच्या बातम्यांत उद्घाटनाला कोण तारे आले ते छापून येतं, या लॅबमध्ये कुठला मराठी सिनेमा होता हे मी आपल्याकडे तरी कधी वाचलं नाही. यंदा आपला प्रतिनिधी गोव्याला जाईलच. त्याला एक दिवस तिकडे धाडता आलं तर पाहावं.

मित्र यंदा तिथे अर्ज करणार आहे. त्याने मला रफ कट, म्हणजे सिनेमाची कच्ची जोडणी, पाठवलाय. पहिल्याच प्रसंगात आजी नातवाला काहीतरी महत्त्वाचं सांगते, पण नेमका त्याच वेळी मागून एसटी जाते. चार वेळा मागे नेऊन ऐकलं, ती काय म्हणाली ते अजून कळलेलं नाही.

आपला,
एक कोल्हापूरकर वाचक
व्रोत्सवाफ, पोलंड