पाठीला माती लावू नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर धाराशिवच्या एका निवृत्त गुरुजींचं पत्र वाचलं. आखाडे ओस पडले, पोरं तालमीत जायचं सोडून मोबाइलवर अमेरिकेची खोटी कुस्ती बघतात, आणि आता तर घोड्याएवढी माणसंही त्या नटांच्या प्लास्टिकच्या बाहुल्या जमवायला लागली, असा एकूण सूर होता. त्या घोड्याएवढ्या माणसांत मी मोडतो. वय त्रेचाळीस, दोन लेकरांचा बाप, लातुरात दातांची लॅब चालवतो. दिवसभर कवळ्या, क्राऊन, ब्रिज. रात्री साडेनवानंतर त्याच टेबलावर, त्याच हत्यारांनी, त्या बाहुल्या उघडतो, कापतो, जोडतो आणि नव्यानं रंगवतो.

गुरुजींचा एक मुद्दा आधीच मान्य करतो. ती कुस्ती ठरवूनच केलेली असते. ते काही गुपित राहिलेलं नाही. १९८९ साली ती कुस्ती भरवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) कंपनीनंच न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढं सांगितलं की आमचा खेळ म्हणजे करमणूक आहे, खऱ्या स्पर्धेचे नियम आम्हाला लावू नका. बरं मग? वगातल्या राजाला आपण कुणी खरा राजा समजत नाही, तरी पहाटेपर्यंत बसतोच की.

माझ्या खुळाचं मूळ पत्त्यांत आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमचं घर उभं राहिलं, पण पुढं कित्येक दिवस आख्खी गल्ली बाहेरच झोपायची. शाळा बंद. चुलतभावाकडं डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांचा कॅट होता. उंची, वजन, छाती, दंड, किती कुस्त्या लढल्या, किती मारल्या. कंदिलाच्या उजेडात आम्ही ते खेळायचो. योकोझुना हाती आला की फक्त वजन विचारायचं, दुसरं काही नाही. टीव्हीवर ही माणसं दिसली त्यानंतर दोन वर्षांनी. आधी आकडे पाठ, मग चेहरे.

बाहुल्या हाती आल्या त्या कमवायला लागल्यावर. त्यांच्या कंपन्या बदलत गेल्या. १९८४ला एलजेएनच्या आठ इंची रबरी बाहुल्या निघाल्या, त्यांना सांधा म्हणून नव्हता. १९९०पासून चारेक वर्षं हॅस्ब्रोच्या बुटक्या, मग जॅक्सच्या, आणि २०१०पासून मॅटेलच्या. मॅटेलची बाहुली सहा-सात इंचांची असते, कोपर-गुडघे वळतात, आणि आमच्या कामाची गोष्ट म्हणजे तिचं मुंडकं निघतं. उकळून उतरवलेल्या पाण्यात मान दोन मिनिटं बुडवायची, प्लास्टिक मऊ पडलं की अंगठ्यानं हनुवटी वर रेटायची. टप्प आवाज येतो. गार असताना ओढलं तर आतली गोळी मोडते आणि मग ते मुंडकं कुठल्याच धडावर बसत नाही. बायकोनं चहाच्या पातेल्यात जिंदर महल नावाच्या मल्लाची बाहुली उकळताना पाहिली, त्या दिवसापासून ते पातेलं माझं झालं. (तिच्या मनात अजून ते चहाचंच आहे.)

पहिल्या बाहुलीला माझ्याच धंद्याचं शहाणपण नडलं. कारखान्यातून येणारं धड म्हणजे छाती दारासारखी, कंबर मुठीत मावेल एवढी, आणि पोटावर सहा बिस्किटं. आपला पैलवान असा नसतो. त्याला पोट असतं, मान खांद्यातून निघालेली असते, मांडीला मांडी घासते. म्हटलं, पोट तर घडवायचंय, लॅबमध्ये कवळीचं सेल्फ-क्युअर, म्हणजे आपोआप घट्ट होणारं ॲक्रिलिक, पडलेलं आहेच. पावडर आणि मोनोमर हे तिचं द्रव कालवून लावून टाकलं. मोनोमर प्लास्टिकला खातं, हे मी हाताखालच्या पोरांना रोज सांगतो. स्वतःला सांगायचं राहिलं. सकाळी बघतो तर छाती चिकट, बरगडीत खड्डा, रंग ओघळलेला, आणि त्यावर हिरडीच्या गुलाबी रंगाचं घट्टमुट्ट पोट. तेव्हापासून एम-सील. गळक्या नळाला लावतात तेच. दोन्ही भाग सारखे घेऊन मळायचे, ओल्या बोटानं आकार द्यायचा, दुसऱ्या दिवशी पॉलिशपेपर मारायचा. कापायचं असेल तर मायक्रोमोटर, म्हणजे कवळी घासायचं यंत्र, अगदी हळू चालवायचा, जोरात फिरवला की प्लास्टिक कापलं न जाता वितळून त्याच्या फिरत्या टोकाला गुंडाळतं. छापील गोंदण ॲसिटोनच्या बोळ्यानं निघतं. रंग ॲक्रिलिकचा, एकावर एक पातळ हात देऊन. घाई केली की कातडीचा दरवाजा होतो.

आता खरी गोष्ट. दीडेक वर्षापूर्वी निलंग्याकडचे एक वस्ताद कवळी टोचते म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन थेट लॅबवर आले. पंच्याहत्तरच्या पुढचं वय, धोतर, आणि मान अजून माझ्या मांडीएवढी. मी कवळी घासत होतो, ते फळीवर मांडलेल्या बाहुल्या बघत होते. एका बाहुलीला मी लाल लंगोट आणि मिशा देऊन फार खूश होतो.

"हे कोण म्हणायचं?" बोळक्या तोंडानं विचारलं.

"पैलवान."

"कशाचा पैलवान? ह्याचे कान बघ की. नवरदेवाचे कान हायेत हे."

आणि माझा हात धरून त्यांनी स्वतःच्या कानावर ठेवला. तिथं कान असा नव्हताच, वाळल्या अंजिरासारखी गाठ होती. डोकं घासून घासून, मानेचे ठोके खाऊन खाऊन कानात रक्त साकळतं आणि तिथंच घट्ट होतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. बोटाला माहीत नव्हतं. त्या रात्री मी नवरदेवाचे कान उडवले. एम-सीलची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी, मेणकामाच्या हत्याराच्या टोकानं दोन घड्या, मध्ये एक टोचा. एवढंच काम. त्याला आठ दिवस लागले. गोळी कधी पुरीसारखी फुगायची, कधी टोचा आरपार जायचा. शेवटी जमला तेव्हा डावा कान उजव्यापेक्षा जास्त चेपलेला ठेवला, कारण वस्तादांचा तसा आहे.

कवळीची कुरकुर मिटली तरी वस्ताद येत राहिले. बूट त्यांना चालेनात. तांबड्या मातीत बूट कोण घालतं? पण बहुतेक बाहुल्यांचे बूट पायातच ओतलेले असतात. मग आठवलं की रुसेव्ह नावाचा मल्ल सुरुवातीला अनवाणी लढायचा, त्याची बाहुलीही अनवाणी आहे, आणि मांड्याही भरलेल्या. म्हणून माझ्या निम्म्या पैलवानांचे पाय बल्गेरियाचे आहेत. लंगोटाला आधी शिंप्याकडची पॉपलीनची चिंधी वापरली. एवढ्याशा मापात ती फुगून बाळाचं दुपटं दिसायला लागली. आता जुन्या धोतराची पट्टी लाल रंगवून, फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवून ओलीच बांधतो. घड्या तशाच वाळतात.

मग माती. आमचं रान काळं, तालमीची माती वेगळी आणावी लागते, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू कालवतात. वस्तादांच्या गावच्या तालमीतून मूठभर आणली, ओढणीतून चाळली, मॅट व्हार्निशमध्ये कालवली आणि गुडघे, कोपरं, खांदे, पाठ अशी झकास लावली. खराखुरा लढून आलेला गडी दिसत होता. मोठ्या हौसेनं त्यांच्या घरी घेऊन गेलो. त्यांनी बाहुली समोरून पाहिली, कान पाहिले, मान हलवली. मग पालथी केली. काही न बोलता अंगठा जिभेला लावला आणि तिची पाठ पुसायला लागले. व्हार्निश थुंकीनं निघत नाही. तरी पुसतच राहिले.

"हा पडला होय?" म्हणाले. "छातीला लाव, तोंडाला लाव. पाठीला माती लावू नको."

घरी येऊन पाठ घासून काढली आणि पुन्हा चार हात रंग दिला.

माती आणायला गेलो तेव्हा धाकटा सोबत होता. आता तो सकाळी आमच्या भागातल्या तालमीत जातो. गावच्या जत्रेत रेवडीच्या कुस्तीला उतरला आणि पाठीला भरपूर माती लावून घेऊन आला. गुरुजींच्या माहितीसाठी हे लिहिलं, फुशारकी म्हणून नाही, पोरगं हरलंय.

सध्या टेबलावर हरिश्चंद्र बिराजदार आहेत. रामलिंग मुदगडचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे, १९६९चे महाराष्ट्र केसरी. बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सतपाल पैलवानाला हरवलं ती कुस्ती वस्ताद दर वेळी नव्यानं सांगतात. गदा पाहिजेच, असा त्यांचा हुकूम. ती मेणात कोरली, क्राऊनसारखी साच्यात घालून निकेल-क्रोमच्या उरलेल्या धातूत ओतली. दिसायला देखणी, पण इतकी जड की बाहुलीचा हात आपसूक खाली यायचा. खांद्याच्या सांध्यात बिनरंगाचं नेलपॉलिश सोडलं आणि ते वाळेपर्यंत हात हलवत बसलो. आता पेलतो.

खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांची हातात धरता येईल अशी बाहुली मी लातूर, सोलापूर, पुणे, कुठल्याच दुकानात पाहिलेली नाही. अमेरिकेत दहा मिनिटं पडद्यावर दिसलेल्या गड्याचीही निघते. म्हणून तिकडची धडं आणायची आणि आपली माणसं घडवायची. आपल्या पुरवणीत मध्यंतरी लिहिलं होतं की बाहुली खोक्यातून काढली की तिची किंमत जाते. माझ्या टेबलावर तर ती खोक्यातून निघून, मुंडकं जाऊन, पोट सुटून, कान मोडल्यावर कुठं बघण्यासारखी होते.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळंच आहे, ते शेवटी आलं. जुन्या फडांचे फोटो मिळतात ते सगळे समोरून काढलेले. फेटा, गदा, हार, शेजारी पुढारी. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतले काही मला मिळाले, त्यांतही तेच. लंगोटाची मागची गाठ आणि जांघियाची मागची शिवण नीट दिसेल असा साठ-सत्तरच्या दशकातला एकही फोटो नाही. हरलेल्याची पाठ कुणी काढत नसे आणि जिंकलेल्याची काढायचं सुचत नसे. मराठवाड्यातल्या कुणा वाचकाच्या घरी, आजोबांच्या ट्रंकेत, असा फोटो असेल तर आपल्या लातूर कार्यालयात त्याची प्रत द्यावी. मी येऊन घेईन. धाराशिवच्या गुरुजींनीही एकदा कपाट बघावं. बिराजदारांची पाठ मी अजून रंगवायची ठेवली आहे.

आपला,
एक दंततंत्रज्ञ, लातूर

(नाव छापू नये. ज्या डॉक्टरांकडून काम येतं ते आपलाच पेपर वाचतात.)